आर्बोरेक (राजा अम्पात, इंडोनेशिया): गावातल्या होमस्टेत राहायचं असेल तर

पाण्यावर किंवा किनाऱ्याला टेकून बांधलेली, सागो ताडाच्या पानांनी शाकारलेली खोली, जमिनीवर गादी, मच्छरदाणी आणि तीन वेळचं जेवण. आर्बोरेकच्या होमस्टेत माणशी रोजचे साधारण साडेतीन ते सहा लाख रुपिया याचेच पडतात. आपल्या हिशेबाने 1,800 ते 3,200 रुपये. एसी, गरम पाणी आणि चोवीस तास वीज हवी असेल त्यांनी इथं येऊच नये. चार पायऱ्या उतरून थेट प्रवाळात शिरायचं असेल, तर या पैशात याहून चांगली जागा मिळणं अवघड आहे.

आर्बोरेक हे डॅम्पियर सामुद्रधुनीतलं एवढंसं बेट आहे, अर्ध्या तासात चालत फेरी पूर्ण होते. जकार्ता किंवा मकास्सरहून विमानाने सोरोंग, तिथून सुमारे दोन तासांची फेरीबोट पकडून वाईसाई, आणि पुढे होमस्टेवाल्यांची लांब बोट. ही बोट हा खर्चातला सगळ्यात मोठा खड्डा. भाडं माणशी नसतं, बोटीमागे असतं. बेटांवर पेट्रोल महाग पडतं आणि जुनी टू-स्ट्रोक इंजिनं ते भरपूर पितात. एकट्याने गेलात तर बोटीच्या एका फेरीत दोन दिवसांच्या मुक्कामाचे पैसे सहज जातात. चौघं असाल तर तोच खर्च अंगावर येत नाही. निघण्याआधी जाण्याचं, येण्याचं आणि मधल्या सहलींचं भाडं वेगवेगळं लिहून मागा. 'सगळं मिळून' असा आकडा घेतला की शेवटच्या दिवशी वाद होतो.

परदेशी पाहुण्याला संवर्धनाचं कार्ड काढावं लागतं. ते 7 लाख रुपियाचं असून वर्षभर चालतं, शिवाय 3 लाखांची पर्यटक पावती वेगळी. दर बदलू शकतात, त्यामुळे निघताना एकदा विचारून घ्या. हे पैसे चुकवण्याच्या युक्त्या सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. समुद्रातली गस्त याच पैशांवर चालते.

खोली निवडताना फोटो बघून भुलू नका, दोन प्रश्न विचारा: जनरेटर किती वाजता चालू आणि बंद होतो, आणि अंघोळीचं पाणी कुठलं. वीज बहुतेक ठिकाणी संध्याकाळपासून काही तासच असते. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या त्या वेळातच चार्ज करायच्या, म्हणून एक मल्टिप्लग आणि भरवशाची पॉवर बँक हवीच. पाण्याचं दुखणं याहून खोल आहे. प्रवाळाच्या वाळूचं बेट, गोडं पाणी पावसाचं, आणि ते खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगत राहतं. पाऊस लांबला किंवा उपसा वाढला की विहीर मचूळ होते. मग साबणाच्या वडीला फेस येत नाही आणि केस चिकट राहतात. लिक्विड सोप न्या, आणि टाकीतून तांब्या-तांब्याने अंघोळ करायची तयारी ठेवा. पिण्याचं पाणी 19 लिटरच्या कॅनमधून येतं. त्यातून आपली बाटली भरा, प्लास्टिकच्या बाटल्या विकत घेऊ नका. त्या बेटावरून बाहेर जात नाहीत, जळतात किंवा समुद्रात जातात.

जेवणात भात, मासे, पालेभाजी, कधी टोफू किंवा टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), आणि सांबाल, म्हणजे तिखट मिरचीची चटणी. हळदीच्या पिवळ्या रश्शातले ताजे मासे मिळाले तर दोन घास जास्तच जातील. त्याबरोबर सागोची पापेडा सांगून ठेवा. आपला साबुदाणा टॅपिओकाचा असतो. ही पापेडा खऱ्या सागो ताडाच्या पिठाची, गरम पाण्यात घोटून खळीसारखी केलेली, दोन काट्यांवर गुंडाळून रश्शात सोडायची. शाकाहारी माणसाची पंचाईत होते: भात, कांगकुंगची (पाण्यात वाढणारी पालेभाजी) भाजी, अंडं चालत असेल तर अंडं, नाहीतर नूडल्स. मेतकूट, भडंग आणि कोरडी चटणी बरोबर असेल तर आठवडा सुखाने निघतो. नुसतं 'मासे नकोत' म्हणून भागत नाही, सांबालात कोळंबीची पेस्ट असू शकते हे लक्षात ठेवा.

आता ज्यासाठी जायचं ते. गावच्या जेट्टीखाली छोट्या माशांचे इतके दाट थवे असतात की खांब दिसेनासे होतात. बाजूच्या वाळूत मोठे शिंपले, थोडं पुढे प्रवाळाचा उतार. मात्र इथला प्रवाह थट्टा नाही. पाण्यात उतरण्याआधी खांबांवरचे मऊ प्रवाळ कुठल्या दिशेला वाकलेत ते पाहा. ते वाकतात तिकडे प्रवाह जातो. सुरुवात नेहमी त्याच्या उलट करा, म्हणजे दमल्यावर पाणीच परत आणून सोडतं. भरती-ओहोटी थांबण्याच्या सुमाराला उतरणं सगळ्यात सोपं. मांटा, म्हणजे पंखांसारखे पर असलेला मोठा चपटा मासा, बघायला ऑक्टोबर ते एप्रिल बरा. जवळच्या 'मांटा सँडी'वर वाळूत आखलेल्या रेषेमागे थांबायचं असतं. तिथे मांटा छोट्या माशांकडून अंग साफ करून घेतो; रेषा ओलांडली की ती सफाई सोडून निघून जातो, आणि मागच्या गटाचं नुकसान होतं. जुलै ते सप्टेंबर वारा जोरात असतो, बोटी रद्द होतात. पहाटे शेजारच्या गाम बेटावर लाल बर्ड ऑफ पॅरडाइज बघायला नेतात. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस 1860 मध्ये याच पक्ष्यासाठी गाम बेटावर मुक्कामाला होता.

संध्याकाळी बारीक वाळूमाश्या चावतात, मच्छरदाणीतूनही आत येतात. अंगाला खोबरेल तेलाचा जाड थर देणं हा उपाय चांगला लागू पडतो. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल निघण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

गावकऱ्यांचं पुढे काय, हा प्रश्न या मुक्कामाशी थेट जोडलेला आहे. या भागात एकेकाळी सुरुंग आणि विष वापरून मासेमारी व्हायची. 2010 मध्ये जिल्ह्याने शार्क आणि मांटाच्या शिकारीवर बंदी घातली, 2014 मध्ये मांटाला देशभर संरक्षण मिळालं. जिवंत मांटा गावाला रोजगार देतो हे लोकांना पटलं म्हणून हे टिकलं. जून 2025 मध्ये सरकारने राजा अम्पातमधले निकेल खाणींचे पाचपैकी चार परवाने रद्द केले, गाग बेटावरचा मात्र कायम राहिला. खाणीचा गाळ प्रवाळावर बसला तर होमस्टेचा धंदा उरत नाही, म्हणून पाहुण्यांचा पैसा गावात राहणं फार महत्त्वाचं आहे. दिवसभरासाठी येणाऱ्या मोठ्या बोटी जेट्टीवर फोटो काढून जातात, त्यातून गावाला फार थोडं मिळतं. चार रात्री राहणारा पाहुणा स्वयंपाक, बोट, मासळी आणि केवड्याच्या पानांच्या विणलेल्या टोप्या, सगळ्यांना काम देतो. टोपी विणणाऱ्या बाईंकडूनच घ्या, घासाघीस करू नका.

याला मर्यादाही आहे. एवढ्याशा बेटावर खोल्या वाढत गेल्या तर संडासाचं पाणी सच्छिद्र वाळूतून विहिरीत आणि प्रवाळावर, दोन्हीकडे झिरपतं, आणि प्रवाळावर शेवाळ चढतं. नवी खोली बांधणाऱ्यांपेक्षा पक्की सेप्टिक टाकी बांधणाऱ्यांना पसंती द्या. बघून विचारलं तर मालक मोकळेपणाने दाखवतात. आणखी एक खंत: गावात शिकून झाल्यावर पुढच्या शिक्षणासाठी मुलांना वाईसाई किंवा सोरोंगला जावं लागतं. त्यांना परत यावंसं वाटावं असं काम होमस्टे आणि गाइडिंगमध्येच दिसतं, त्यामुळे डायव्ह गाइड गावचाच मागा.

बुकिंग व्हॉट्सअॅपवर होतं, नेटवर्क जाऊन-येऊन असतं, उत्तराला दोन दिवसही लागू शकतात. गप्प राहिले म्हणजे नकार समजू नका, पुन्हा लिहा. गावात एटीएम नाही. वाईसाईत किंवा सोरोंगला पैसे काढून छोट्या नोटा बरोबर ठेवा. रविवारी सकाळी गाव चर्चमध्ये असतं आणि बोटी हलत नाहीत, म्हणून सोमवारी सकाळचं विमान असेल तर शनिवारीच वाईसाईला येऊन राहा.