पार्ल्यातला योगा स्टुडिओ: शिकवतात छान, पण टीचर्सनी आपसात बोलायला हवं

नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कोणाची बदनामी करायची नाहीये, पार्ले ईस्टला आहे एवढं पुरे. शिकवणं खरंच चांगलं आहे हे आधी सांगते. सकाळच्या बॅचच्या मॅडम प्रत्येकाकडे लक्ष देतात, वाकता येत नसेल तर स्ट्रॅप नाहीतर ब्लॉक आणून देतात, पाठीवर दाब देऊन कोणाला खाली ढकलत नाहीत. हॉल स्वच्छ, हवेशीर, फी पार्ल्याच्या मानाने ठीक.

प्रॉब्लेम आहे तो टीचर्सच्या एकमेकांशी बोलण्याचा, म्हणजे जे बोलायला हवं ते बोलत नाहीत आणि जे आमच्यासमोर बोलू नये ते बोलतात.

माझ्या आईला काचबिंदू आहे. फॉर्मवर लिहून दिलेलं, मॅडमना तोंडी पण सांगितलेलं, त्यामुळे त्या तिला डोकं खाली जाईल असं काही करायलाच लावत नाहीत, कारण त्यात डोळ्यातलं प्रेशर वाढतं, शीर्षासनच कशाला, हात-पाय जमिनीवर टेकून कंबर वर उचलतात त्या साध्या अधोमुख श्वानासनात पण वाढतं. मॅडम सुट्टीवर गेल्या, बदली सर आले, आणि त्यांनी सगळ्यांबरोबर आईलाही सर्वांगासन, म्हणजे खांद्यांवर भार देऊन पाय सरळ वर, करायला सांगितलं. ती म्हणाली मला काचबिंदू आहे, तर बिचारे सर एकदम गडबडले, म्हणाले "काकू, मला कोणी काहीच सांगितलं नाही हो". आणि खरंच सांगितलं नव्हतं, फॉर्म रिसेप्शनच्या फाइलमध्ये पडून होता. आई स्पष्ट बोलणारी म्हणून निभावलं, पण बीपी वाढलेला माणूस जोरजोरात कपालभाती करत बसला किंवा स्लिप डिस्कवाल्याने पश्चिमोत्तानासनात ताणून पाय धरले तर काय? बरेच लोक लाजून गप्प बसतात हो.

दुसरं म्हणजे भर क्लासमध्ये "हे तुम्हाला कोणी शिकवलं? चुकीचं आहे" असं म्हणायचं नाही. कोणी सांताक्रूझच्या द योगा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेलं असतं, जी १९१८ पासून चालू आहे, कोणी अय्यंगार पद्धतीतलं, कोणी अष्टांग विन्यासवालं, पद्धती वेगळ्या असणारच. पण मतभेद असेल तर क्लास संपल्यावर त्या टीचरशी बोला ना, आम्ही मॅटवर उभे राहून कोणाचं ऐकायचं?

आणि तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप! बॅचचा ग्रुप, त्यात आम्ही सगळे, आणि तिथेच रात्री अकराला "मागच्या आठवड्यात पण तुमची बॅच मीच घेतली" वरून दोन टीचर्सचं सुरू. एकदा तर एका ताईंच्या पाळीच्या त्रासाबद्दल "यांना उद्या हलकं द्या" असं नावासकट तिथेच टाकलं. हेतू चांगला होता मान्य, पण त्या ताई नंतर आल्याच नाहीत.

टीचर्सची बाजू पण बघते मी. बहुतेकांना बॅचमागे पैसे मिळतात, पहाटे अंधेरीला होम क्लास, तिथून लोकल पकडून इथे, इथून पळत पुढच्या ठिकाणी, निवांत बोलायला वेळच कुठे आहे. म्हणून हे काम मालकांचं आहे असं मला ठामपणे वाटतं. टीचर्सचा ग्रुप वेगळा करा. एक वही ठेवा, कोणाला काय त्रास आणि कुठलं आसन द्यायचं नाही, बदली टीचरने ती वाचल्याशिवाय क्लास सुरू करायचा नाही, आणि त्या दहा-पंधरा मिनिटांचे पैसे त्यांना द्या. भिंतीवर यम-नियमांचा, म्हणजे योगातल्या वागण्याच्या नियमांचा, एवढा सुंदर बोर्ड लावलाय, त्यात अहिंसा पहिली आहे, सत्य दुसरं, ते स्टाफमधल्या बोलण्याला पण लागू आहे की.

मालकांना हे सगळं भेटून सांगितलंय, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, वही सुरू करतो म्हणाले. सध्या तीन स्टार. जॉइन करणार असाल तर सकाळची बॅच घ्या, आणि काही त्रास असेल तर फॉर्मवर विसंबू नका, नवीन टीचर दिसले की क्लासच्या आधी स्वतः जाऊन सांगा. वही खरंच सुरू झाली की इथे येऊन स्टार वाढवीन.