लिनक्सच्या लॉगमधील लाल ओळी दाखवून केलेली फसवणूक

सांगलीतील माझ्या मामांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टम आहे. कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, अपडेट झाल्यावर त्याचे वाय-फाय बंद पडले, म्हणून त्यांनी एका जाहिरातीतील ‘लिनक्स दुरुस्ती’च्या क्रमांकावर फोन केला. समोरच्या माणसाने मोबाइल यूएसबीने जोडून लॅपटॉपवर इंटरनेट सुरू करायला लावले, दुरून ताबा घेण्याचे सॉफ्टवेअर बसवून घेतले आणि टर्मिनलमध्ये सिस्टमच्या नोंदी (लॉग) दाखवणारी जर्नलसीटीएल ही आज्ञा चालवून लाल-पिवळ्या ओळींची रांग दाखवली. त्यांतील ‘टेंट्स कर्नल’ (कर्नल डागाळतो) या नोंदीवर बोट ठेवून त्याने सांगितले की व्हायरस थेट कर्नलमध्ये शिरला असून बँक खातेही धोक्यात आहे.

विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअरमधील नोंदी दाखवून घाबरवण्याचा प्रकार जुना आहे. ही त्याचीच लिनक्सवरील आवृत्ती. ओळी खोट्या नसतात, म्हणूनच माणूस फसतो. या लॅपटॉपमधील ब्रॉडकॉम वाय-फायचा ड्रायव्हर कंपनीच्या मालकीचा असून त्याचा पूर्ण सोर्स कोड खुला नाही. असा ड्रायव्हर चालू झाला की कर्नल तशी नोंद करतो, जेणेकरून पुढे बिघाड झाल्यास कर्नलच्या विकासकांना ते कळावे. व्हायरसशी तिचा संबंध नाही. ‘एसीपीआय बायोस एरर’सारख्या लाल ओळी तर धडधाकट यंत्रावरही सर्रास दिसतात. खरा बिघाड एवढाच होता की ड्रायव्हर तयार करायला लागणाऱ्या नव्या कर्नलच्या फाइल्स (हेडर्स) बसलेल्या नसल्यामुळे, प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हर बनवणाऱ्या डीकेएमएस या साधनाला त्या कर्नलसाठी तो तयार करता आला नव्हता; लॅपटॉप सुरू होतानाच्या ग्रब या मेन्यूतील ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडला असता, तरी वाय-फाय चालू झाले असते.

त्या माणसाने ‘सुरक्षा पॅकेज’चे म्हणून ४,९९९ रुपये यूपीआयने घेतले आणि मामांकडून सुडोचा, म्हणजे सिस्टमवर पूर्ण अधिकार देणारा, पासवर्ड टाइप करून घेऊन एक स्क्रिप्ट चालवली. हे दुसरे पैशांपेक्षा गंभीर होते, कारण नंतर तपासताना सुडो गटात एक अनोळखी खाते आणि पार्श्वभूमीत आपोआप चालणारे प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या सिस्टमडीमध्ये अशीच एक नवी सेवा आढळली. घरच्या राउटरमुळे बाहेरून येणारी जोडणी सहसा अडते. ही सेवा म्हणूनच लॅपटॉपमधून स्वतः बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी करत होती. पैसे उकळून झाल्यावरही दार उघडे ठेवण्याची ही सोय!

अशा वेळी ती सेवा पुसून भागत नाही. ज्याला रूटचा (संपूर्ण यंत्रावरचा) अधिकार मिळाला, त्याने आणखी काय बदलले हे त्याच यंत्राला विचारण्यात अर्थ नसतो. आम्ही नेट तोडले, लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच लिनक्स सुरू करून, फक्त कागदपत्रे आणि फोटो काढून घेतले, डिस्क पुसून मिंट नव्याने बसवले. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदलले; ब्राउझरमध्ये साठवलेले सगळेच पासवर्ड उघड झाले आहेत असे धरून चाललो. मोबाइलवर तसलेच ताबा घेणारे अ‍ॅप नाही ना, हेही पाहिले.

आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. तेथे लगेच कळवले, तर रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवण्याची शक्यता असते. मामांनी फोन केला तो दुसऱ्या दिवशी. तक्रार नोंदली गेली आहे, पैसे अद्याप मिळालेले नाहीत.