गळ्याचं माप न विचारता विकलेले तीन ड्राय सूट

1,45,860 रुपये. आकडा आधीच सांगतो, म्हणजे पुढचा त्रागा कशासाठी ते कळेल. तीन ड्राय सूट (थंड पाण्यात अंग कोरडं ठेवणारे पाणबंद पोशाख), 42,500 चा एक, असे 1,27,500. वर 'कस्टम ड्युटी' म्हणून 18,360. हातात आली ती तीन रंगीत पोती.

गोव्यात ड्राय सूट कशाला, हे पोलीस ठाण्यातही विचारून झालंय, म्हणून इथेच सांगून टाकतो. आपल्याकडे होडी उलटली तर आंघोळ होते. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर एप्रिलात पाणी 8 अंशांच्या आसपास असतं. त्यात पडलं की पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात राहत नाही, दहाएक मिनिटांत बोटांना दोर धरवत नाही. आम्हा तिघांना तिथे शिडाच्या होडीवर जायचं होतं. गोअर-टेक्सचा (पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या कापडाचा) चांगला सूट परदेशात हजार डॉलरांच्या पुढेच जातो. त्यामुळे 'मापाने शिवून, निम्म्या भावात' म्हटल्यावर भुललो. लोभ होता, कबूल. पण नुसता लोभ नव्हता. माणूस मराठी बोलणारा, स्वतःला परदेशी कारखान्याचा एजंट म्हणवणारा, सील (गळ्या-मनगटाशी पाणी अडवणारी रबरी पट्टी), सॉक्स, रिलीफ झिप (लघवीसाठीची) हे शब्द जागच्या जागी वापरणारा. आणि पैशांआधी त्याने मापं मागितली. मापं मागणारा माणूस चोर कसा वाटेल?

आणि तिथेच कळायला हवं होतं. त्याची मापांची यादी अशी: उंची, वजन, छाती, कंबर, बुटाचा नंबर. संपली. गळ्याचा घेर नाही, मनगटाचा नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, धडाचा फेर नाही. म्हणजे खांद्यावरून टेप पुढून खाली, दोन पायांच्या मधून मागे, पाठीवरून परत त्याच खांद्यावर. मापाने शिवलेला ड्राय सूट म्हणजे ही तीन मापं. बाकी सगळं ढिलं चालतं, कारण आत उबदार फ्लीसचे दोन थर यायचे असतात. (माप घ्यायचं तेही ते थर घालूनच.) विचारलं तर म्हणाला, "सील रबराचं असतं हो दादा, सगळ्यांना बसतं." ज्यांना होडीवरचं ढिलं शॅकल (दोर अडकवायची धातूची कडी) दहा फुटांवरून दिसतं, ते आम्ही "हो, बरोबर" म्हणालो आणि 76,500 पाठवले.

दुसरी खूण फोटोत होती. 'माल तयार' म्हणून त्याने जो फोटो पाठवला, त्यात सूट शर्टासारखा चौघडी घालून ठेवलेला. छातीवर पितळी दातांची झिप, आणि ती मधोमध दुमडलेली! पितळी झिप दुमडली की दात वाकतो आणि तिथून पाणी येतं. तो वाकलेला दात नीट होत नाही, झिपच बदलावी लागते. असा सूट गुंडाळायचा असतो, तोही झिप सरळ ठेवून. हे ठाऊक असणारे आम्ही त्या फोटोखाली अंगठा दाखवून 51,000 पाठवले.

18,360 ची तर लाजच वाटते. कस्टम ड्युटी कुणा माणसाच्या यूपीआयवर जात नसते. ती कुरियर कंपनीमार्फत भरली जाते आणि तिचे कागद मिळतात. कागद नसेल तर दमडी देऊ नका. पण तोवर 1,27,500 अडकले होते आणि अडकलेल्या पैशाला अक्कल नसते.

आता माल. पहिल्या सूटचा गळा लेटेक्सचा (पातळ, ताणणाऱ्या रबराचा) नव्हताच, निओप्रीनचा (जाड, फोमसारख्या रबराचा) होता, वर वेल्क्रोची पट्टी. असा गळा अंगाला सोसतो, पण पडल्यावर थोडं पाणी आत घेतोच. शिंतोड्यांसाठी ठीक, 8 अंशांत पोहण्यासाठी नाही. दुसऱ्याच्या सीलवर टॅल्कम पावडर थापलेली. पावडर लावतातच, त्यात काही गैर नाही. पण ओल्या फडक्याने पुसल्यावर रबर बोटाला चिकटू लागलं आणि ताणल्यावर बारीक भेगा उघडल्या. ऊन, सनस्क्रीन, तेलकट हात, वय, यांनी लेटेक्स असंच मरतं. वापरलेला सूट घेणार असाल तर पावडर पुसल्याशिवाय सील बघू नका. आत शिवणींवरची टेप गुडघ्याजवळ सुटलेली, उत्पादनाच्या तारखेचं लेबल कात्रीने कापलेलं. तिसरा दिसायला नवा, पण धड आखूड. उकिडवं बसलं की गळ्याचं सील खाली ओढलं जाऊन मानेपासून सुटत होतं. होडीवर माणूस अर्धा वेळ वाकलेला असतो. तो सूट उभ्या माणसासाठी कोरडा.

सूट कुणाचाही असो, पैसे चुकते करण्याआधी घालून बघा: उकिडवे बसा, गुडघे छातीला लावा, दोन्ही हात डोक्यावर न्या. कुठेही ओढ बसता कामा नये. फार मोठाही नको. आत हवा राहते, पाण्यात पाय वर येतात आणि डोकं खाली. घातल्यावर खाली बसून, बोटाने गळ्याचं सील उघडून हवा बाहेर काढायचीच असते. गळा घट्ट हवा, पण चक्कर येईल इतका नाही. नवं सील आवळत असेल तर कात्री लावण्याआधी रात्रभर स्टीलच्या डब्यावर ताणून ठेवा. कापायचंच असेल तर एका वेळी सीलवरची एकच कडी (गोल उठावदार रेघ), धारदार कात्रीने, न थांबता. कडेला खाच राहिली की तिथूनच फाटतं. मनगटाला मूठ वळून बघा: कंडरा (स्नायूंच्या दोऱ्या) उठून खळगा पडतो आणि पाणी तिथून शिरतं. ज्याचं मनगट असं, त्याला रुंद सील लागतं.

गळती तपासायची तर मनगटांत आणि गळ्यात योग्य मापाच्या बाटल्या, डबे बसवून सूट फुगवा आणि साबणाचं पाणी फिरवा. आमच्या दुसऱ्या सूटच्या झिपेतून फेस असा आला की जणू सोडा फुटला. पाण्यात उतरून तपासणार असाल तर आत फिकट करड्या रंगाचे सुती कपडे घाला, ओल गडद दिसते. पण आपल्या दमट हवेत बाष्प बाहेर टाकणारं कापडही काम करत नाही, कारण बाहेरची हवा आधीच भरलेली. छाती-पाठ ओली ती घामाने. मनगट, गळा, झिपेखालचा पट्टा ओला ती गळती. दहा मिनिटांत बाहेर या, उष्माघात व्हायचा.

मग ठाणं. पहिला प्रश्न, "हा रेनकोट एवढ्याला?" दुसरा, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." सायबरवाल्यांकडे पाठवलं, त्यांनी, वस्तू पोचली म्हणजे सायबर नाही, असं म्हणून परत पाठवलं. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. चार खेपा, आणि प्रत्येक खेपेला 'साहेब आज नाहीत'. साहेब असतात कधी, ते एकदा बोर्डावर लिहून लावा! भारतीय न्याय संहितेच्या 318 व्या कलमात फसवणूक आहे, त्यात माल मिळाला तर माफ असं काही नाही, हे आम्ही सांगायचं आणि त्यांनी चहा प्यायचा. शेवटी लेखी अर्ज दिला, शिक्का मारलेली प्रत मागून घेतली. तोंडी बोलून येऊ नका. गुन्हा नोंदवत नसतील तर अर्ज पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो. ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत आहे आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आणि 1930 वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन त्याच तासाला करा. पैसे समोरच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत अडवले तरच अडतात. आम्ही पार्सलची वाट पाहण्यात 19 दिवस घालवले.

सूट पुरावा म्हणून ठाण्यात ठेवून घेतले. नेण्याआधी प्रत्येक झिपेचा दात न् दात दिसेल असे फोटो काढा, सील ताणून व्हिडिओ करा, पंचनाम्यात वर्णन लिहायला लावा. आमच्यासमोर हवालदाराने तिन्ही सूट चौघडी घातले, सुतळीने बांधले आणि वर फायलींचा गठ्ठा ठेवला. तिसऱ्याची झिप तोवर शाबूत होती.