ड्रायफ्रूटचे छोटे पाऊच: घ्यावेत का?

हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये संध्याकाळी भूक लागते म्हणून बॅगेत टाकायला ते २५-३० ग्रॅमचे पाऊच घ्यायला लागले, वेगवेगळ्या कंपन्यांचे, आणि आता पाकीट मागून वाचल्याशिवाय घेतच नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे पुढे फोटोत काजू-बदाम आणि मागे पहिलं नाव मनुका असेल तर समजून जायचं काय ते. क्रॅनबेरी असेल तर साखर हमखास, ती मुळातच आंबट, साखरेशिवाय खाणार कोण! आणि जर्दाळू मस्त केशरी दिसला तर तो सल्फर डायऑक्साइड लावलेला असतो (घटकांच्या यादीत त्याचा कोड आयएनएस २२०), बिन-सल्फरचा काळपट दिसतो पण चवीला मला तोच आवडतो. अक्रोडवाल्या पाऊचची पॅकिंगची तारीख बघाच, अक्रोड लवकर खवट होतो, मला एकदा असला पाऊच मिळाला तर अख्खा फेकावा लागला. खारवलेला पिस्ता भारी लागतो पण नंतर पाणी पाणी होतं.

भाव म्हणाल तर ३० ग्रॅमला ४० रुपये म्हणजे किलोला तेराशेच्या वर, आणि त्यात निम्मा बेदाणा, अहो सांगली-तासगावचा चांगला बेदाणा रविवार पेठेत याच्या कितीतरी खाली मिळतो. पण सुटं घेतलं की मी डब्यातून मूठमूठ खात सुटते, पाऊच संपला की संपला, तेवढ्यासाठी प्रवासात घेते. घरी मात्र नाही.