पोराला कुत्रं चावलंय, सिव्हिलला न्यायचं की खाजगीत?

सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव कुठंही बघा, लहान पोराला कुत्रं चावलं की घरात हाच वाद सुरू होतो, एक जण म्हणतो सिव्हिलला चला, दुसरा म्हणतो तिथं रांगेत कोण बसणार, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडं जाऊ, आणि तोवर आज्जीनं चुन्याची डबी उघडलेली असते. आधी पोराला नळाखाली धरा, कुठं जायचं ते धुता धुता ठरवा. साबण लावून वाहत्या पाण्यात १५ मिनिटं जखम धुवायची, घड्याळ बघून, पोरगं कितीही रडलं तरी, लाळेतला रेबीजचा विषाणू तिथंच बराच वाहून जातो. मग बीटाडीन. चुना, तिखट, हळद, तंबाखू यातलं काहीच नको.

धुताना जखम नीट बघून घ्या कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं. न फुटलेल्या कातडीला नुसतं चाटलं असेल तर धुतलं की झालं, इंजेक्शन लागत नाही. रक्त न येता ओरखडा उठला असेल तर लस. दात रुतला, रक्त आलं, किंवा फुटलेल्या कातडीवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली तर लस आणि सिरम, म्हणजे विषाणूला अडवणाऱ्या तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन, दोन्ही. पोरं मार बसेल म्हणून लपवतात, त्यामुळं कपडे काढून बघा, केसांतसुद्धा बोटं फिरवून बघा. पोराची उंचीच तेवढी, कुत्र्याचं तोंड थेट चेहऱ्याशी येतं, आणि चेहऱ्यापासून मेंदू जवळ असल्यानं अशा चाव्यात एक रात्रसुद्धा थांबायचं नाही.

आता लस. सिव्हिलला आणि बऱ्याच सरकारी केंद्रांत कातडीत देतात, दोन जागी प्रत्येकी ०.१ मिली, दिवस ०, ३, ७ आणि २८. खाजगीत बहुतेक दंडात अख्खी कुपी, दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. लोकांना वाटतं सरकारी सुई एवढीशी म्हणजे औषधात काटकसर केली, आणि पैसे असलेली माणसं एवढ्यासाठी पोराला तिथून उठवून नेतात. तसं अजिबात नाही. कातडीत थोडी लस पुरते कारण तिथं प्रतिकारशक्तीच्या पेशी दाट असतात, दोन्ही पद्धती जागतिक आरोग्य संघटनेला मान्य आहेत आणि नीट दिली तर संरक्षण सारखंच. लहान मूल म्हणून डोस कमी करायचा नसतो. दंडातली लस २ वर्षांखालच्या बाळाला मांडीत देतात, कुल्ल्यावर मात्र कुणालाच नाही, कुणी द्यायला लागलं तर सरळ थांबवा. आणि दिवस ० म्हणजे पहिली लस घेतली तो दिवस, चावलं तो नव्हे. पोटातली १४ इंजेक्शनं अजून आज्ज्यांच्या डोक्यात आहेत, ती जुनी लस भारतात २००४ लाच बंद झाली.

म्हणजे लसीवरून दवाखाना निवडू नका, सिरमवरून निवडा. माझं ठाम मत आहे हे. लस शरीराला लढायला शिकवते पण त्याला आठवडाभर तरी लागतो, तोवर जखमेतल्या विषाणूला अडवायचं काम सिरम करतं. माझ्या भाच्याला गालावर चावलं तेव्हा पहिल्या खाजगी दवाखान्यात दंडात लस देऊन घरी पाठवलं, सिरमचं नावसुद्धा काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सिव्हिलला नेला. पहिल्या लसीपासून ७ दिवसांच्या आत सिरम देता येतं म्हणून निभावलं. ताईनं त्याचं डोकं मांडीत दाबून धरलेलं, डॉक्टर बारीक सुई जखमेच्या कडेतून आत घालत होते आणि दाताच्या खुणांभोवती गाल पांढरट फुगत चाललेला. बघवत नाही, पण सिरम जखमेतच जायला पाहिजे, नुसतं दंडात टोचून उपयोग नाही.

सिरममध्ये पण निवड असते. घोड्यापासून बनवलेलं किलोला ४० युनिट, माणसाच्या रक्तापासूनचं २० युनिट. १५ किलोच्या पोराला धरा ६०० किंवा ३००. पहिलं स्वस्त, सरकारीत हेच जास्त असतं, क्वचित ॲलर्जी येते म्हणून टोचल्यावर थोडा वेळ तिथंच बसवतात. दुसऱ्याला खाजगीत काही हजार जातात. तिसरा पर्याय मोनोक्लोनल अँटीबॉडी, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेली अँटीबॉडी, पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटचं रेबिशिल्ड किलोला ३.३३ युनिट, म्हणजे त्याच पोराला साधारण ५०. पाच-सहा ठिकाणी चावलं असेल आणि औषध कमी पडत असेल तर सलाइनमध्ये पातळ करून सगळ्या जखमांत पोचवतात. परवडत नाही म्हणून महागाची वाट बघत बसण्यापेक्षा घोड्याचं आत्ता घ्या.

त्यामुळं ओरखडाच असेल आणि जवळचे बालरोगतज्ज्ञ तारखा सांभाळत असतील तर खाजगीत खुशाल जा, कुपीला तीन-चारशे आणि वर फी, गर्दी कमी, पोरगं घाबरत नाही. रक्त आलं असेल तर आधी फोन करा, एकच प्रश्न विचारा, सिरम आहे का आणि जखमेत भरता का. हो म्हणाले नाहीत तर सरळ सिव्हिल. जत, आटपाडीकडच्या किंवा उसाच्या फडावरच्या लोकांनी जवळच्या आरोग्य केंद्रात पहिली लस लगेच घ्यावी, सिरमसाठी पुढं निघावं, सगळं एकाच ठिकाणी मिळेल म्हणून लस अडवून ठेवू नये. खाजगीत टाके घालायची घाई होते, चेहरा आहे म्हणून, तर सिरम भरल्याशिवाय टाके नकोत आणि घातलेच तर सैल. धनुर्वाताचं इंजेक्शन दोन्हीकडं विचारा.

कुत्रं पाळलेलं असेल तर १० दिवस नजर ठेवा, पण लस थांबवून नव्हे. हा नियम कुत्र्या-मांजरापुरताच, महाबळेश्वरला माकडानं ओरबाडलं किंवा उसात कोल्हा चावला तर थेट उपचार. मांजराचा दात बारीक पण खोल जातो, पू लवकर होतो, तिथं अँटिबायोटिकचं विचाराच. घरातल्या उंदराच्या चाव्याला सहसा रेबीजची लस लागत नाही, तरी डॉक्टरांना दाखवा.

मधेच दवाखाना बदलायचं शक्यतो टाळा, बदललाच तर कागद घेऊन जा. कोर्स पूर्ण झाल्यावर तो कागद लॅमिनेट करून ठेवा, पुन्हा कधी चावलं तर लसीचे दोनच डोस लागतात, ० आणि ३ दिवशी, आणि सिरम लागत नाही.