कॉलेजचं लेझर मशीन: एक हिवाळा, एक उन्हाळा काढल्यानंतर

एप्रिलमध्ये आमच्या लेझर कटरची ट्यूब (किरण तयार करणारी नळी) गेली, कंपनीने वॉरंटीवर हात वर केले, म्हणून लिहायला बसलोय. मशीन नेहमीचंच, मेकर स्पेसमध्ये (मुलं स्वतः वस्तू बनवतात त्या वर्कशॉपमध्ये) हल्ली सगळीकडे दिसतं ते ४० वॅटचं, काचेच्या सीओटू ट्यूबचं. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, ती परत उगाळत नाही. मी लॅब असिस्टंट. मशीन कॉलेजचं, बोलणी मात्र माझ्या वाट्याची.

जानेवारीत हेच लिहिलं असतं तर डोळे झाकून पाच स्टार दिले असते. इथे सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेआधी मुलांनी ३ एमएमच्या एमडीएफमधून (लाकडाच्या भुशाच्या दाबीव फळीतून) यात्रेत मिरवतात त्या सातही नंदीध्वजांच्या, म्हणजे उंच काठ्यांच्या, प्रतिकृती कापल्या, एका पासमध्ये आरपार, कडा सुरेख. रेक्झिन आणि पीव्हीसी सोडून मुलं आणतील ते कापत होतो. (ते दोन्ही कापू नका, क्लोरीनचा विषारी धूर निघतो आणि मशीनही गंजतं.)

मार्च लागला आणि रडगाणं सुरू झालं. सकाळी जे सेटिंग आरपार कापायचं, तेच दुपारी नुसती रेघ ओढायचं. ट्यूबभोवतीचं पाणी तापलं की पॉवर उतरते. मग मुलं करंट वाढवणार, आणि या ट्यूबला १८ मिलिअँपच्या वर सतत चालवलं की तिचं आयुष्य भराभर संपतं. तशी ती संपली.

सर्व्हिसवाल्याने व्हिडिओ कॉलवर या पाण्याच्या टाकीत थर्मामीटर बुडवायला लावला. "सर, ३८ दाखवतंय. मॅन्युअलमध्ये २५ च्या आत लिहिलंय. वॉरंटीत बसत नाही." अहो, सोलापुरात उन्हाळ्यात २५ डिग्रीचं पाणी कुठल्या नळाला येतं? इथे मुळात नळाला पाणी कधी येणार यावर घरातली कामं ठरतात! बरं, मशीनबरोबर 'चिलर', म्हणजे पाणी गार करायचं यंत्र, म्हणून वेगळे पैसे मोजून डबा घेतलेला. तो उघडला तर आत रेडिएटर, पंखा आणि पंप. फ्रिजमध्ये असतो तशा कॉम्प्रेसरचं नाव नाही. बाहेर ४२ असताना नुसता पंखा पाणी ४२ च्या खाली आणणार कसा? बिलावर मात्र ठसठशीत 'चिलर'. ट्यूबचं दुःख एकवेळ गिळलं, या शब्दाचे पैसे दिले ते अजून पचलेलं नाही.

कॉलेजकडे खरा चिलर मागितला तर वरून उत्तर आलं, पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये बघू. तोवर नव्या ट्यूबसाठी कँटीनच्या डीप फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवायच्या आणि टाकीत सोडायच्या. कँटीनवाले काका आधी कुरकुरले, मग प्रत्येक बाटलीमागे मला एक चहा घ्यायला लावून मोकळे झाले. डिस्टिल्ड वॉटरचे कॅनही बंद केले. प्राचार्यांच्या केबिनच्या एसीचं पाणी पाइपने कॅनमध्ये घेतो आणि फडक्यातून गाळून वापरतो. त्यात क्षार जवळपास नसतात, आणि इथलं बोअरचं पाणी घातलं तर ट्यूबमध्ये क्षारांचा थर धरतो. एक सांभाळा: पावसाळी दमट हवेत बर्फाचा अतिरेक केला तर ट्यूबवर दव धरतं, आणि तिथे हजारो व्होल्ट असतात. पाणी २० च्या खाली नेऊ नका.

इथपर्यंत दोन स्टार ठरले होते. मग टेक्स्टाइलच्या एका मुलाने जकार्डची (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची) भोकं पाडलेली फाटकी कार्डं आणली. त्याच्या घरी पूर्व भागात चादरीचे माग आहेत. जकार्डवर बाण्याच्या, म्हणजे आडव्या, एकेका धाग्याला एकेक कार्ड, त्यामुळे एक कार्ड फाटलं की नक्षीच्या दर रिपीटला त्याच जागी आडवी चूक. चादरीवरच्या फुलाची पाकळी दर वेळी तुटत होती. नवीन कार्ड पंच करून मिळेपर्यंत माग तसाच चालवायचा किंवा बंद ठेवायचा.

आम्ही कार्ड स्कॅन केलं, भोकं इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आखली आणि कापली. पहिली खेप वाया गेली: किरणाला स्वतःची जाडी असते, तेवढं भोक मोठं पडतं. मापं कमी केली. मग कडांची काजळी. ती खाली पांढऱ्या सुतावर पडली तर चादर गेलीच. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून, हवेचा झोत वाढवून कापलं, टेप सोलली, कड कोरी निघाली.

मुलाचे वडील स्वतः आले. नवं कार्ड जुन्यावर ठेवलं, दोन्ही खिडकीच्या उजेडासमोर धरली आणि प्रत्येक भोकातून उजेड पलीकडे निघतो का ते ओळीने बघत गेले. मुलाशी तेलुगूत काहीतरी बोलले, मग मला म्हणाले, "बसतंय की ओ सर." मागावर चढवलं, पाकळी जुळली.

आणि गंमत म्हणजे कार्ड कापायला करंट अगदी थोडा लागतो, पाणी तापतच नाही. भर मे महिन्यात दुपारी काम चाललं. म्हणजे या मशीनला कागद, पुठ्ठा, कार्ड बारमाही द्या. एमडीएफ आणि ॲक्रिलिक दिवाळी ते होळी, नाहीतर सकाळी अकराच्या आत. या बोलीवर तीन स्टार, साडेतीन म्हणा.

घेणाऱ्यांनी विक्रेत्याला एकच विचारावं, चिलरमध्ये कॉम्प्रेसर आहे का, आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावं. आमच्या तक्रारीला उत्तर आलंय की रेडिएटरवाला चिलरही चिलरच असतो. त्यातला पंखा काढून मी सोल्डरिंगच्या टेबलावर धूर ओढायला लावलाय. तिथे झकास चालतो.