"१००% ग्राफाइट" म्हणून गळ्यात मारलेली टेनिस रॅकेट, पालकांनी नक्की वाचा

ज्यांची मुलं टेनिस खेळतात त्यांनी हे प्लीज पूर्ण वाचा. मुलगी यंदा २६ इंचीवरून २७ इंची रॅकेटवर आली, कोच म्हणाले ३०० ग्रॅमची ग्राफाइट (म्हणजे कार्बन फायबरची) घ्या. पुण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकजण नामांकित कंपनीची रॅकेट "दुबईचा स्टॉक, १००% ग्राफाइट, आयटीएफ अप्रूव्हड" (आयटीएफ म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) असं सांगून ७,५०० ला देत होता, दुकानात तीच १७-१८ हजारांना. बिल, होलोग्राम, कव्हर सगळं बरोबर. यूपीआयने पैसे घेतले आणि गटिंग करूनच (म्हणजे तारा बसवून) रॅकेट पाठवली.

थोड्या दिवसांत पोरीचं मनगट दुखायला लागलं, बॉल जरा कडेला लागला की रॅकेट हातात फिरते म्हणायची. मग एकदा लो व्हॉली घेताना फ्रेम कोर्टवर घासली आणि बंपर गार्डच्या (फ्रेमच्या टोकावरची प्लास्टिकची पट्टी) खाली रंग उडाला, बघतो तर आत पिवळट पांढरे धागे. कार्बन काळा असतो, रंगाखाली काळंच दिसायला हवं. लगेच गटिंगवाल्या काकांकडे नेली. त्यांनी आधी काट्यावर ठेवली, २८९ ग्रॅम. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे "११ ग्रॅम इकडेतिकडे होतंच की". पण कंपनी जे ३०० लिहिते ते तारांशिवायचं वजन असतं! तारांचे १५-१६ ग्रॅम वेगळे, म्हणजे काटा ३१५ च्या आसपास यायला हवा होता. मग काकांनी पट्टीच्या धारेवर रॅकेट तोलून दाखवली, तारांसकट बॅलन्स मुठीच्या टोकापासून ३३ सेंमीवर यायला हवा तो आला ३५ वर, म्हणजे एकूण हलकी पण डोक्याकडे जड. कंपनीच्या मापाशी काहीच जुळेना.

काकांनी समजावलं ते मला फार पटलं. खरी फ्रेम म्हणजे इपॉक्सीत भिजवलेल्या कार्बन फायबरच्या शीट गुंडाळून केलेली पोकळ नळी, ती साच्यात घालून आतून हवेचा दाब देऊन गरम करतात. कुठली शीट किती अंशात लावली यावर फ्रेम किती वाकणार, किती पिळणार हे ठरतं आणि ह्यातलं काहीही बाहेरून दिसत नाही, वरून रंग मारला की सगळ्या सारख्याच. ते पिवळट पांढरे धागे काचेचे, म्हणजे फायबरग्लास. काच कार्बनपेक्षा जड आणि बरीच जास्त लवचिक, पण स्वस्त, म्हणून नकली माल बनवणारे तीच भरतात आणि वजन जमवायला भिंती पातळ ठेवतात. काच वापरणं हा गुन्हा नाही हां, चांगल्या कंपन्याही ग्राफाइट आणि फायबरग्लास मिक्स करतात, पण तसं लिहितात. आणि अॅल्युमिनियमच्या रॅकेटवरसुद्धा सर्रास 'टायटॅनियम', 'कार्बन' असे स्टिकर असतात, त्यात गळ्यापाशी (दांडा डोक्याला मिळतो तिथे) प्लास्टिकचा वेगळा तुकडा बसवलेला दिसला की ओळखायचं.

'आयटीएफ अप्रूव्हड' ह्या शब्दांना तर अजिबात भुलू नका. त्यांच्या नियमात फ्रेम ७३.७ सेंमीपेक्षा लांब आणि ३१.७ पेक्षा रुंद नको अशी मापं आहेत, ती कशाची बनवायची यावर बंधनच नाही, म्हणजे त्या शिक्क्यावरून आत कार्बन आहे की काच हे कळूच शकत नाही.

कोणी असा स्टॉक देत असेल तर पैसे द्यायच्या आधी तारा नसलेली रॅकेट मागा आणि किचनच्या डिजिटल काट्यावर ठेवा. खऱ्या मालातही ५-७ ग्रॅम कमीजास्त होतं, २०-२५ नाही. गटिंग करूनच देतो असा हट्ट धरला तर सरळ सोडून द्या, कारण तारांच्या वजनात बरंच काही लपवता येतं.

मी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन १९३० वर आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केलीय, पैसे अजून परत नाहीत. तो माणूस ग्रुपमधून गेला, पण दुसऱ्या एका ग्रुपवर तीच रॅकेट आता ६,८०० ला टाकलीय, फोटो तेच.